चार कुत्री आणि मशीनमध्ये धुता येणारी सतरंजी

ड्रमचं झाकण उघडून मी आत हात घातला, तर गालिचा हाताला लागेना. तासाभरापूर्वी मीच तो आत टाकला होता. सहा फूट बाय चार फुटांचा, अस्सल लोकरीचा, लाल-निळ्या वेलबुट्टीचा. खांद्यापर्यंत हात घातला तेव्हा तळाशी काहीतरी लागलं. ओढून बाहेर काढलं. साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद, आणि बोटभर जाड. भिंतीला टेकवून ठेवलं तर ते भिंतीशिवायच उभं राहिलं.

आमचे सेठ बाहेरच्या खोलीतून आले. त्यांनी वितीने एक बाजू मोजली, मग दुसरी मोजली, मग ड्रममध्ये डोकावून पाहिलं.

"टेंभरेजी," ते म्हणाले, "बाकी का कहाँ गया?"

बाकीचा कुठेच गेला नव्हता. सगळा तिथेच होता, फक्त आक्रसून. लोकरीला कढत पाणी, सोडा आणि आदळआपट या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या, की तिचे केस एकमेकांत अडकत जातात आणि परत सुटत नाहीत. त्याला नमदा होणं म्हणतात. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो नमदा लोक मुद्दाम करतात. मी न ठरवता केला होता.

तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी मूळचा गोरेगावकडचा, पोवारांच्या शेतकरी घरातला. भावांना धान लावायची आवड होती, मला मोटरीची. सेठनी लढाईनंतरच्या मिलिटरीच्या लिलावातून दोन यंत्रं उचलली होती आणि त्यांच्यावर लाँड्री काढली होती. पहिलं यंत्र म्हणजे धुण्याचा ड्रम. लोखंडी पिंपाच्या आत भोकाभोकांचं दुसरं पिंप, ते पट्ट्याने फिरायचं आणि कपडे वर उचलून पाण्यात आपटायचं. दुसरं एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे गरगर फिरून कपड्यांतलं पाणी झटकणारी उभी टाकी. दवाखान्याच्या आणि हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे यायच्या. दोन्ही यंत्रं चालवणारा, दुरुस्त करणारा आणि बिघडवणारा माणूस मीच.

हा गालिचा होता रेंजरसाहेबांचा. पाठराबे साहेब जंगल खात्यातून रिटायर होऊन गोंदियाला भाड्याच्या बंगलीत राहायला आले होते. सोबत बाई आणि चार कुत्री. मूलबाळ नव्हतं. कुत्र्यांना साहेबांनी झाडांची नावं दिली होती: साजा, बीजा, तेंदू आणि कुलू. पांढऱ्या खोडाचं कुलूचं झाड ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कळेल, की पांढरीशुभ्र कुत्री ती कुलू. तेंदू सगळ्यांत म्हातारा. त्याला आता वेळेचं भान राहत नसे, त्यामुळे तो जिथे असेल तिथेच त्याचं अंगण असायचं.

साहेबांचा डावा पाय अधू होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षी जंगलात अस्वल समोर आलं, साहेब पळाले आणि नाल्यात पडले. मांडीचं हाड मोडलं. कुत्र्यांनी त्यांना वाचवलं असेल असं मला वाटलं होतं. मी तसं विचारलंही. साहेब म्हणाले की अस्वल दिसलं तेव्हा चारही कुत्री त्यांच्या आधी घरी पोचली होती, आणि बाईंना त्यावरूनच काहीतरी झाल्याचं कळलं. हे ते अगदी अभिमानाने सांगत.

आता बंगलीची जमीन लाल सिमेंटची, घोटून आरशासारखी केलेली. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला ती वैरीण. डॉक्टरांनी बजावलं होतं की हा पाय दुसऱ्यांदा मोडला तर जुळणार नाही, जमिनीवर काहीतरी अंथरा. म्हणून साहेबांनी देश सोडून जाणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या सामानातून घेतलेला तो गालिचा पलंगाशी अंथरला. बैठकीत घोंगड्या टाकल्या. पण बंगलीमागे बोडी होती. आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात. कुत्री सकाळी बोडीत जायची, चिखल घेऊन यायची आणि अंथरलेल्या प्रत्येक वस्तूवर अंग झटकायची. उरलेलं तेंदू करायचा.

बाईंनी एक दिवस साहेबांना सांगून टाकलं, की कुत्री तरी राहतील नाहीतर अंथरूण तरी. अंथरूण तर डॉक्टरांनी सांगितलेलं. बाईंचा भाऊ हरिभाऊ अर्जुनी मोरगावला धानाची शेती करायचा. त्याला कुत्री द्यायची ठरली. धान कापणीला आलं की रानडुकरांपासून राखणीला कामी येतील, आणि कापणीच्या तोंडावर तो येऊन घेऊन जाईल. साहेबांनी मान डोलवली आणि दुसऱ्या दिवशी काठी टेकत टेकत आमच्या लाँड्रीत आले.

"टेंभरे," ते मला म्हणाले, "तुमच्या मशीनमध्ये हे दर आठवड्याले धुता आलं, तर माझी कुत्री वाचतात."

मी हो म्हणून बसलो. मशीनचा मला भारी गर्व होता. पुढे काय झालं ते वर सांगितलंच.

तो नमदा सायकलच्या कॅरिअरला बांधून मी बंगलीवर गेलो. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा घोकलं. साहेबांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता खुर्चीत बसावं लागलं. तेवढ्यात चारही कुत्री आली, नमद्याचा वास घेतला आणि दाटीवाटीने त्याच्यावर बसली. बाईंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या की एवढा चांगला गालिचा शेवटी कुत्र्यांच्याच कामी आला, मग मशीनचा उपयोग काय.

"मले कुत्र्यांचा राग नाही आहे," त्या मला म्हणाल्या. "साठी आली माझी. रोज सकाळी वाकून वाकून मी हे पुसून राहिली. माझ्या कमरेले कोण अंथरूण टाकते ते सांगा."

मी महिनाभराची मुदत मागितली. धान तेव्हा नुकतं पोटरीवर येत होतं, म्हणजे लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या.

लोकर बाद झाली. सुती घ्यायची, हे उघड होतं. गोरेगावच्या बाजारातून मी लाल पट्ट्यांची मोठी सतरंजी आणली, बैठकभर पुरेल अशी, बारा फूट बाय नऊ. यावेळी मी शहाणा झालो होतो. पाणी कोमट घेतलं, सोडा कमी घातला. सतरंजी ड्रममध्ये कशीबशी कोंबली. धुतल्यावर पाहिली तर मापाला बरोबर होती. मला एवढा आनंद झाला की ड्रममधल्या पाण्याच्या रंगाकडे मी लक्षच दिलं नाही.

आता ती एक्स्ट्रॅक्टरमध्ये टाकायची होती. ही टाकी जोरात फिरते, म्हणून तिच्यात कपडे चहूबाजूंनी सारखे रचावे लागतात. वजन एकाच बाजूला झालं की टाकी थरथरते. चाळीस चादरी सारख्या रचता येतात. एक ओली सतरंजी कशी रचणार? तिचा एकच गोळा होतो आणि तो एकाच अंगाला बसतो. मी वरून दाबली, देवाचं नाव घेतलं आणि बेल्ट चढवला.

आधी टाकी गुरगुरली. मग हलली. मग तिच्या पायांतले बोल्ट निघाले आणि ती चालू लागली. अक्षरशः चालू लागली. धडधड करत एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे, अशी ती बाहेरच्या खोलीच्या दिशेने निघाली. सेठ दारात उभे होते. ते न बोलता एक पाऊल मागे सरकले. टाकी एक पाऊल पुढे आली. ते आणखी मागे सरकले. असं करत करत सेठ रस्त्यावर पोचले आणि टाकी साबणाच्या कुंडीवर जाऊन आदळली. कुंडी कलंडली. त्याच झटक्यात बेल्ट सुटला आणि सगळं थांबलं. थांबला नाही तो फेस. तो उंबरा ओलांडून पायऱ्यांवरून उतरला आणि सेठच्या चपलांपर्यंत गेला.

मला वाटलं, नोकरी गेली. सेठनी पायांकडे पाहिलं, मग रस्त्यात थांबून बघणाऱ्या माणसांकडे पाहिलं, आणि त्यांना गंभीरपणे सांगितलं, "सफाई चल रही है." माणसं पुढे गेली. मग आत येऊन त्यांनी मला फरशीत चार नवे बोल्ट सिमेंटने पक्के करायला लावले, आणि ते वाळेपर्यंत दोन दिवस टाकीकडे पाठ करून बसले नाहीत.

सतरंजी मी उन्हात वाळवून बंगलीवर पोचवली. मधला भाग जरा ओलसर होता. अंथरल्याबरोबर कुलू त्याच ओलसर जागेवर जाऊन झोपली. दुपारी उठली तेव्हा ती एका कुशीने गुलाबी होती. रंग कच्चा होता. बाईंनी तिला दोनदा आंघोळ घातली, तरी आठ दिवस ती गुलाबीच राहिली. साहेब तिला तशीच फिरायला नेत. लोक थांबून विचारत आणि साहेब सांगत की ही विलायती जात आहे. हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा पदर तोंडाला लागला. पण त्यांनी सतरंजी गुंडाळून परत दिली आणि हरिभाऊला पत्रही टाकलं.

आता मला कळलं होतं की विकत आणलेल्या वस्तूला मशीनमध्ये घालून चालणार नाही. मशीनमध्ये मावेल अशीच वस्तू बनवून घ्यावी लागेल. गोंदियाच्या बाहेरच्या अंगाला सोमाजी हेडाऊ नावाचा विणकर होता. आयुष्य मागावर गेलेला, फार मोजकं बोलणारा. मी त्याला सगळं सांगितलं. नमदा, टाकी, गुलाबी कुत्री. तो ऐकत राहिला आणि हातातला धोटा तसाच चालवत राहिला.

"सतरंजी हातरासाठी इनतेत बाबू," तो शेवटी म्हणाला. "मशीनीत आपटासाठी नाई. आन कुत्र्याईसाठी इनली त लोक मले हासतीन."

"कुत्र्यांसाठी नाही जी," मी म्हणालो. "साहेबाच्या पायासाठी."

त्याने धोटा थांबवला. कोणता साहेब म्हणून विचारलं. मी सांगितलं. रेंजरसाहेबांनी नोकरीत असताना सोमाजीच्या जखमी मेहुण्याला एकदा जंगलातून खांद्यावर उचलून आणलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. साहेब हे कधी बोलले नव्हते. अस्वलाचीच गोष्ट सांगायचे.

मग आम्ही दोघं बसलो. मी म्हणालो की बैठकीची एक सतरंजी न करता चार पट्ट्या करू. प्रत्येक पट्टी एवढ्याच वजनाची, की एक्स्ट्रॅक्टरमध्ये चार बाजूंना चार रचता येतील आणि टाकी जागेवर राहील. सोमाजी म्हणाला की सूत आधी उकळून घ्यावं लागेल. कोरं सूत पहिल्या धुण्यात आटतं. ते विणण्याआधीच आटवून टाकलं, की मग आटायला काही उरत नाही. इतकी साधी गोष्ट. मशीनवर इतकी वर्षं काढून मला ती ठाऊक नव्हती. रंगाचं त्याने मला शिकवलं: रंगवलेल्या सुताची लडी पांढऱ्या चिंधीत बांधायची, सोड्याच्या पाण्यात उकळायची, आणि चिंधी पांढरीच निघाली तर रंग पक्का. सहा रंग आम्ही असे तपासले. चार चिंध्यांनी दगा दिला. एक निळा आणि एक मातकट तपकिरी, हे दोन टिकले. तपकिरी बघून सोमाजी म्हणाला की बोडीचा चिखलही याच रंगाचा आहे, तेव्हा अर्धं काम आधीच झालं.

पट्ट्यांचे दोन संच केले. एक अंथरायचा, एक धुवायला. धान निसवलं होतं, लोंब्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या, तेव्हा मी पहिला संच घेऊन बंगलीवर गेलो. चार पट्ट्या शेजारी शेजारी टाकल्या. खोली एकदम देखणी दिसू लागली. साहेब उठले, काठी टेकत मधोमध येऊन उभे राहिले आणि म्हणाले की पायाखाली शेतातली वाट असल्यासारखं वाटतंय.

त्याच वेळी फाटकाशी पोस्टमन आला.

साजाने झेप घेतली. त्याच्या मागच्या पायांच्या रेट्याने पट्टी सुटली आणि घोटलेल्या सिमेंटवरून सरकली. साहेब तिच्यावर उभे होते. ते उभेच राहिले आणि उभ्या उभ्या थेट खिडकीपर्यंत गेले. त्यांनी गज पकडला. काठी खाली पडली. बाई परात घेऊन दारात उभ्या होत्या. ज्या पायासाठी हे सगळं चाललं होतं, तोच पाय मी मोडायला निघालो होतो.

साहेब वळून म्हणाले, "ब्रेक लागतो का याले?"

बाईंनी काठी उचलून त्यांच्या हातात दिली आणि मला सांगितलं की आज-उद्यात हे घसरणं थांबलं नाही तर पट्ट्या तुमच्या लाँड्रीतच अंथरा.

गोंदिया हे राइस मिलचं गाव. आणि मिल म्हटली की बारदाना आलाच. तागाचा जाड, खरखरीत. आम्ही पोती उसवून, शिवून खोलीभर एक जाजम केलं. चारी कडांना लाकडी पट्टी मारून ते जमिनीशी पक्कं केलं. ते धुवायचंच नाही, फक्त झाडायचं. त्याच्यावर आमच्या पट्ट्या. पट्ट्यांना खालच्या बाजूने नाड्या, बारदानाला जागोजागी नाड्या, दोन्हींची गाठ. नाड्या वरून दिसत नाहीत, म्हणून कुत्र्यांना सापडत नाहीत. मी स्वतः पट्टीवर उभा राहून साहेबांना सांगितलं की साजाला सोडा. साजा धावला. मी जागेवर राहिलो. तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा साजाच कंटाळला.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने हरिभाऊ आला. भरदार माणूस, डोक्याला फेटा, खांद्यावर चार दोर. मी दुसरा संच द्यायला म्हणून बंगलीवर होतो. हरिभाऊ खुर्चीत टेकला, बाईंनी पाणी आणि चहा दिला. साहेब नुसते दोरांकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता.

आणि मागच्या दाराने कुत्री आली. त्या दिवशी बोडीत कुणाच्या म्हशी उतरल्या होत्या. कुत्र्यांनी त्यांच्याशी काहीतरी वाद घातला असणार, कारण चारही कानापर्यंत चिखलात होती. खोलीच्या मधोमध येऊन त्यांनी अंग झटकलं. हरिभाऊचा फेटा ठिपक्यांचा झाला. मग तेंदू सावकाश फिरला, एक जागा निवडली आणि त्याने आपलं काम केलं.

बाई काही बोलायच्या आत साहेब स्टुलावर बसले आणि नाड्या सोडू लागले. मी दुसऱ्या टोकाला बसलो. चार पट्ट्या गुंडाळल्या, बारदाना झाडला, चार स्वच्छ पट्ट्या टाकल्या, गाठी मारल्या. हरिभाऊचा चहा संपला नव्हता. बाईंना एकदाही वाकावं लागलं नाही. त्या दाराला टेकून बघत होत्या.

मी मळक्या पट्ट्या सायकलवर घातल्या आणि लाँड्री गाठली. सेठना सांगितलं की दवाखान्याच्या चादरी अर्धा तास थांबतील. पट्ट्या धुतल्या, एक्स्ट्रॅक्टरच्या चार बाजूंना रचल्या. सेठ दारापासून जरा दूरच उभे राहिले. टाकी फिरली आणि जागची हलली नाही. कडक ऊन होतं. दुपारच्या जेवणाआधी वाळलेल्या पट्ट्या घेऊन मी परत बंगलीवर होतो.

बाईंनी पहिली पट्टी हातांनी मोजली. मग ती खाली अंथरलेल्या पट्टीवर टाकून कडेला कड लावून पाहिली. मग पदराचं पांढरं टोक ओलं करून रंगावर खसाखसा घासलं. पदर पांढराच राहिला. त्यांनी पट्टीची घडी केली, कपाटावर ठेवली आणि भावाकडे वळल्या.

"हरी, तू जेव आणि जाय," त्या म्हणाल्या. "कुत्रे नको नेऊ आता."

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. साजाने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

जेवणानंतर हरिभाऊला स्टेशनच्या वाटेपर्यंत सोडायला मी गेलो. फाटकाच्या बाहेर पडल्यावर त्याने खांद्यावरचे दोर उतरवून पिशवीत कोंबले आणि मोठा श्वास सोडला. मी म्हटलं, भाऊ, खेप वाया गेली तुमची.

"बरं झालं जी," तो हळूच म्हणाला. "मले कुत्र्याचं भेव वाटते. ताईले नाही म्हनता येत नाही ना."

ते ऐकून मला रस्त्यातच हसू फुटलं, तोही हसला, आणि आम्ही दोघं एका पानठेल्यापाशी उभे राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

पुढे तेंदू त्या पट्ट्यांवर आणखी दोन वर्षं सुखाने म्हातारा होत राहिला. साहेबांचा पाय पुन्हा मोडला नाही. सोमाजीला लोक हसले नाहीत. उलट दोन दवाखान्यांनी आणि एका शाळेने त्याच्याकडून पट्ट्या विणून घेतल्या. सेठनी दुकानावर हिंदीत पाटी लावली की इथे पाळीव प्राणीवाल्या घरांची अंथरुणं धुऊन मिळतात. पाटी वाचून एक गृहस्थ खरोखरच बकरी घेऊन आले होते. तिला परत पाठवायला मला अर्धा तास लागला.

मी त्या धंद्यात आणखी तीस वर्षं काढली. मशिनं बदलली, साबण बदलले. पण कुठलीही वस्तू धुवायला घेताना दोन प्रश्न मी कायम विचारत आलो: ही कशाची विणली आहे, आणि घरी हिच्यावर कोण कोण बसतं. दुसऱ्या प्रश्नाला लोक रागावतात. पहिल्याचं उत्तर बहुतेकांना माहीत नसतं.